आभाळ बंद

कोसमटोला, ता. मुलचेरा
१० ऑक्टोबर २००७

दोन शब्दांचं कार्ड पाठवलं तू. 'जमणार नाही.' बाकी सारं कार्ड कोरं. एवढं पॉलिटेक्निक केलं, अन् आजीले लिवाले दोनच शब्द सापडले? पोस्टमननं वाचलं अन् हासला. म्हणे, गिरजाबाई, नात लय कामात दिसते. मी म्हटलं, कामात नाई, माजात आहे.

आता आशीर्वाद घे.

मी दुसरीपावतर शिकली, तरी सारं खुलासेवार लिवून राह्यली. नीट वाच. आपली बोडी, गावचं तळं, कागदावर तीस एकराची आहे. आमा ढिवरायची सोसायटी मासोळीसाठी तिचा ठेका घेते, चाळीस घरं त्या पाण्यावर जगतात. उत्तरेच्या अंगाले गुणवंतरावची राईस मिल. दहा वर्षापासून तो मिलची राख पाण्यात लोटून राह्यला. राख दबली का वर माती, अन् मातीवर बेशरमीची झाडं. आता त्या बेशरमीच्या मांगं त्याचं धान उभं आहे. पाळीच्या बांधावरून पायलं तर हिरवं कुंपण दिसते, अन् वाटते बोडी इथीच सरली. तो म्हणते, मांगची जमीन माह्या बापजाद्याची.

मोजणीवाला आला होता. पाळीवर छत्री धरून उभा राह्यला. म्हणे पलीकडं गाळ आहे, पाय फसते. बेशरमीपावतरच बोडी आहे असं लिवून गेला.

वरून पायलं तर आंधळ्यालेही दिसंन कुठी पाणी होतं अन् कुठी राख आहे. तू कोळशाच्या खाणीचे फोटो त्या विमानातून काढते असं तुहा बाप सांगत होता. तसाच एक बोडीचा काढ. एका फोटोसाठी आजीले 'जमणार नाही'?

उत्तर धाड. पुरं कार्ड भरून.

— गिरजा

---

नागपूर
१८ ऑक्टोबर २००७

प्रिय आजीस,

नमस्कार. कार्ड ऑफिसमधून घाईत टाकलं होतं, चुकलं माझं. आता सविस्तर लिहिते, मग शिव्या दे.

आमचं विमान म्हणजे थर्माकोलचं, दीड किलोचं, बॅटरीवर उडणारं. हातानं फेकायचं आणि खालून रिमोटनं चालवायचं. पोटात छोटा कॅमेरा. पण ते धंद्यासाठी उडवतो म्हटल्यावर खेळणं राहत नाही. रिमोटचा वायरलेस परवाना कंपनीकडे आहे, तो ठरलेल्या खाणींपुरता. आभाळातून फोटो काढायचा तर दिल्लीची परवानगी वेगळी, आणि ज्या जिल्ह्यात उडवायचं तिथल्या कलेक्टरचं आणि पोलिसांचं ना-हरकत पत्र वेगळं. एवढं करूनही चारशे फुटांच्या वर न्यायचं नाही, नजरेआड होऊ द्यायचं नाही, माणसांच्या डोक्यावरून न्यायचं नाही, वारा असला की उडवायचंच नाही. आमच्या सरांनी हे भिंतीवर चिकटवून ठेवलं आहे.

आणि आजी, तुमच्या गावाजवळचा पोलीस कॅम्प. पोलिसांचं हेलिकॉप्टर तिथे उतरतं. अशा जागेपासून पाच किलोमीटरच्या आत आम्ही विमान काढतसुद्धा नाही. आपली बोडी कॅम्पपासून किती? दोन किलोमीटर? तुझ्या गावावर आमच्यासाठी आभाळच बंद आहे असं समज.

तरी मी अर्ज केला आहे. कंपनीच्या कागदावर, सरांची सही घेऊन. गडचिरोलीला गेला, तिथून दिल्लीला जाईल. सहा महिने धरून चाल असं क्लार्क म्हणाला.

तुझी,
जया

---

कोसमटोला
२६ ऑक्टोबर २००७

जये,

तुहे नियम सोसायटीतल्या झिंगूले वाचून दाखवले. त्यानं वर पायलं, एक घार फिरत होती. म्हणे, बाई, हिचा कागद कोणाजवळ आहे? आमी दोघंही हासलो. मंग हासू आलं नाई.

नियमाचं मले नको सांगू. मी नियमावरच म्हातारी झाली. आषाढ-श्रावणात मासोळी अंडे टाकते, तवा बोडी बंद राहते. बंद म्हणजे बंद. त्या दिवसात कोणं जाळं टाकलं अन् धरल्या गेला, तर ते जाळं माह्या घरच्या खुंटीले वर्षभर टांगून राहते. पण ज्यानं टाकलं तोच इचारायच्या आधी चालत आला अन् म्हणाला 'मीच टाकलं', त्याचं जाळं त्याच दिशी परत. सासूच्या वेळपासून असंच आहे. तुह्या बापाचं जाळं मी वर्षभर टांगलं होतं. त्यानं कबूल केलं नाई, धरल्या गेला. पोटचा असला तरी खुंटी तेच.

म्हणून नियम मोड असं मी म्हणत नाई. ज्याच्या हातात नियम आहे त्याले म्हणा, लवकर बोल बापा. हद्दीची सुनावणी ३ डिसेंबरले आहे. तिथल्या साहेबानं म्हटलं, तोंडी चालत नाई, पुरावा आणा. हद्द एकदा बेशरमीवर ठरली का ठरली. सहा महिन्यानं तुहा कागद येईन तवा मी तो गुणवंतरावच्या धानात गाडीन का?

परवा मी सेमरच्या झाडावर चढली. खोटं नाई लिवत. वाटलं वरून दिसंन, तर नजरेनं तरी मोजून घ्यावं. अर्ध्यात गेली अन् तिथीच अटकली. झिंगूनं दोर लावून उतरवलं. बेशरमीच्या वरून काईच दिसलं नाई. सोसायटीचे लोक खाली उभे राहून सल्ले देत होते, जसा मी बिबट्याच होय.

तुले राग येवो म्हणून लिवत नाई. काय केलं ते सांगून राह्यली.

— गिरजा

---

नागपूर
२१ नोव्हेंबर २००७

आजी,

फोटो सोबत आहेत, सतरा. पाकीट फोडलंस तेव्हा घरात कोणी नव्हतं ना?

रविवारी गावात आले तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही. भीती वाटत होती. सरांना सांगितलं की विमान दुरुस्तीला नेते, आणि बॅगेत भरून मोटारीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद नसताना ते हातातून सोडलं. तुझ्या झाडावर चढण्याचं वाचून आठ दिवस झोपले नव्हते. पडली असतीस तर? बाबा म्हणाले, ती पडत नाही, ती इतरांना पाडते.

आठ मिनिटं उडवलं. झाडांच्या शेंड्यांच्या थोडंच वर ठेवलं आणि कॅम्पच्या बाजूला वळू दिलं नाही. पाळीवर तू, झिंगूभाऊ आणि मिलमध्ये पोती उचलणारा तो चैतू, एवढेच होते. चैतू तिथे का होता कोण जाणे.

आता ऐक. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. कागद येईपर्यंत हे फोटो सुनावणीत ठेवायचे नाहीत. पेटीत ठेव, कोणाला दाखवू नकोस, कोणाशी बोलू नकोस. वकिलाकडून तारीख वाढवून माग. कागद आला की परत येऊन रीतसर काढीन. एवढं ऐकशील ना माझं?

जया

---

कोसमटोला
२६ नोव्हेंबर २००७

जये,

फोटो पायले. चष्मा लावून पायले अन् काढूनही पायले.

सत्तर वर्ष त्या पाण्यात गेले, पण बोडी कशी आहे ते आता समजलं. दक्षिणेकडं पाणी काळं-निळं आहे. मधात बेशरमीची हिरवी पट्टी, लुगड्याच्या काठासारखी सरळ. अन् तिच्या पलीकडं ते करडं. राखेचं. धानाच्या बांध्या त्यावर मांडल्या, तरी खालून करडं दिसतेच. जुनी पाळ त्याच्याही मांगं वाकून गेलेली सापडते. कोणीही बोट ठेवावं, इथपावतर बोडी होती. मी त्या फोटोवर हात फिरवला तर झिंगू म्हणे, बाई, बोटाचे डाग पडतीन.

तारीख वाढत नाई. वकील म्हणते दोनदा वाढली, आता नाई.

तू म्हणते पेटीत ठेव. पण पेटीतले फोटो साहेबाले कसे दिसतीन? अन् ठेवले समोर, तर पयले इचारन कोणं काढले, कोणाले इचारून काढले. तवा मले खोटं बोलता येणार नाई. येत नाई म्हणून नाई, सवय नाई म्हणून. तवा हे काम आधी सरळ करावं लागंन. ते मी करीन. तू तिकडं चूप राय.

— गिरजा

---

नागपूर
१ डिसेंबर २००७

आजी,

परवा गुरुवारी ऑफिसमध्ये दोन साध्या कपड्यातले पोलीस आले. माझं नाव, विमानाचं नाव, १८ तारीख, आठ मिनिटं, सगळं त्यांना माहीत होतं. विमान, रिमोट, कॅमेऱ्याचं कार्ड, बॅटऱ्या, सगळं जप्त केलं. सरांना पाच तास बसवून ठेवलं. त्यांच्या बाकीच्या खाणींचे परवानेही आता थांबवले आहेत. भिंतीवरचा नियमांचा कागद काढून सरांनी माझ्या हातात दिला. सोमवारपासून मी कामावर नाही.

तुझ्याकडचे सतरा फोटोही कॅम्पमध्ये पोचले आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कसे पोचले? घरात शिरून नेले का कोणी? तुला त्रास दिला का?

चौदाव्या फोटोच्या कोपऱ्यात कॅम्पचं छप्पर आणि हेलिकॉप्टर उतरायचा गोल आला आहे. नखाएवढा. मी पाहिला नव्हता. त्यामुळे सगळं जड झालं आहे. जप्तीची यादी मला वाचायला दिली. फोटो सतरा नग, आणि खाली 'नारळ, एक नग'. कशाचा नारळ, कोण जाणे.

हे चैतूनं केलं. तोच पाळीवर होता, आणि मिलचं मीठ खातो. मी जबाबात त्याचं नाव दिलं आहे. सोसायटीलाही पत्र टाकलं आहे. अशा माणसाला तुम्ही बोडीत पाय का टाकू देता?

जया

---

कोसमटोला
८ डिसेंबर २००७

जये,

सुनावणी झाली. मी सकाळच्या मोटारीनं गेली. साहेब भला माणूस, मले खुर्ची देली. म्हणे, आजीबाई, पुरावा? मी म्हटलं, आहे, कॅम्पात लाखेच्या लिफाफ्यात आहे. म्हणे, मागवून घ्या. मी म्हटलं, तुमीच मागवा, तुमी साहेब. तर म्हणे, तो दुसऱ्या खात्याचा मुद्देमाल, केस निकाली निघेपावतर कोणाले उघडता येत नाई. मी म्हटलं, मंग माही सुनावणी केस निकाली निघेपावतर थांबवा. म्हणे, तेही माह्या हातात नाई. अन् खरंच नव्हतं. त्यानं कागद उलटून दाखवला, कुठी काय लिवलं आहे ते.

गुणवंतराव मांगच्या बाकावर बसून होता. त्याले बोलाव लागलंच नाई.

हद्द बेशरमीवर ठरली. ठेका आता बावीस एकराचा. आठ एकर गेले. झिंगूचं घर अन् रुखमाचं घर तिकडल्याच अंगाले उरल्यासुरल्या पाण्यात शिंगाडे काढत होते, तेही गेले.

चैतूचं नाव काऊन घेतलं तू? कोणं सांगतलं ते इचारून काय भेटते? त्याचं नाव वापस घे. एवढं कर.

— गिरजा

---

बल्लारपूर
२ जानेवारी २००८

माय,

जया इथी माह्याजवळ आहे. नागपूरची खोली सोडली. कारखान्यात पॅकिंगले लावून देतो म्हटलं तर 'हो' म्हणाली, बस. दर सोमवारी मुलचेऱ्याले ठाण्यात हजेरीले जाते, सकाळी निघते, रात्री येते. तुही दोन पत्रं आली ते तिनं फोडली नाई. मीनंही फोडली नाई.

सोसायटीनं चैतूचं जाळं काढून घेतलं असं आयकलं. जयाचं पत्र वाचून काढलं असंल.

माय, नारळाचं मले समजलं. जयानं यादी दाखवली तवाच समजलं. स्वतःहून कबूल कराले जाणारा माणूस हातात नारळ घेऊन जाते, हे आपल्या टोल्याबाहेर कोणाले मालूम आहे? मी लहानपणी शंभरदा पायलं. लोक आपल्या दारात यायचे, नारळ ठेवायचे, अन् तू खुंटीवरून जाळं काढून द्यायची.

माहं जाळं तू देलं नव्हतं. मी त्या वर्षी इथी आलो तो आलोच. आता तुह्या नातीचं विमान तू स्वतःच्या हातानं खुंटीले टांगून आली.

जयाले मी सांगतलं नाई. तूही सांगू नको. तिले चैतूवर राग आहे तो राहू दे. माणसाले राग धराले कोणीतरी लागते. अन् इथी पत्र पाठवू नको.

— इस्तारी

---

कोसमटोला
१२ जानेवारी २००८

इस्तारी,

पत्र पाठवू नको म्हणाला तरी पाठवलं. तुह्या नावानं पाठवलं, काऊन का जयाच्या नावाचं कोणी फोडत नाई. आता हे फोडलंच आहे तर तिले समोर बसव अन् मोठ्यानं वाच. आवाज नको चढवू. उतरवूही नको.

जये, मी गेली होती कॅम्पात. २७ तारखेले, सकाळी. फोटोचं पाकीट अन् नारळ घेऊन.

दारावर दोन शिपाई. म्हणे, आजी, कोणी मारलं का? सून हाकलते का? मी म्हटलं, माही सून मरून बारा वर्ष झाले, साहेबाले बोलवा. साहेब जवान पोरगा, साताऱ्याकडला. त्यानं चहा सांगतला. मी नारळ टेबलावर ठेवला अन् म्हटलं, साहेब, तुमचं आभाळ बंद होतं. त्यात माह्या नातीनं जाळं टाकलं. मी टाकाले लावलं. इचारायच्या आधी सांगाले आली. आता काय दंड करायचा तो करा, अन् फोटोवर शिक्का मारून द्या, मले सोमवारी सुनावणीले लागतात.

त्यानं नारळ उचलून फिरवून पायला. म्हणे, कोणतं जाळं? कोणतं आभाळ? त्याले काईच मालूम नव्हतं, जये. कोणालेच नव्हतं. आठ मिनिटं तू उडवलं ते कॅम्पात एकानंही पायलं नव्हतं.

मंग मी सारं सांगतलं. मुन्शी लिवत गेला, मी सांगत गेली. तुहं नाव, कंपनीचं नाव, तारीख. जेवढं जास्त सांगंन तेवढं साफ, असं मले वाटत होतं. शेवटी वाचून दाखवलं अन् मी सही केली. आंगठा नाई, सही. मले त्याचाही ठसका होता. मंग त्यानं पाकीट उघडलं, एक एक फोटो पायला, अन् एका फोटोवर थांबला. तोंड उतरलं त्याचं. म्हणे, आजी, तुमी तोंडी येऊन सांगतलं असतं तर मी आयकलंच नसतं. आता लिवून झालं. आता ते माह्या हातात नाई.

मी म्हटलं, तो कागद फाडा. तो म्हणे, त्याच्यावर नंबर पडला. मी म्हटलं, नारळ तरी घ्या. तर मुन्शीनं नारळही लिवून घेतला.

आपल्या बोडीत सांगणाऱ्याले जाळं परत भेटते. तिथीही भेटंन असं मी धरून चालली. दुनियेत दुसऱ्या कोणाचा नियम येगळा असंल, हे माह्या डोक्यातच आलं नाई. तू पुरं पान भरून लिवलं होतं, तरी नाई आलं. तुह्या पत्रात 'कोणाशी बोलू नकोस' होतं. ते मी वाचलं, अन् मले वाटलं, पोरगी भेते, तिले सवय नाई.

मंग तुहं चैतूवालं पत्र आलं, अन् मी चूप बसली. तवा बसली, जवा बोलाव लागत होतं. त्याचं जाळं आणून माह्याच खुंटीले टांगलं लोकायनं. महिनाभर मी त्याच्या खाली झोपली. काल सभेत उभी राह्यली अन् सांगतलं. सोसायटीतली सुकरी म्हणे, बाई, तुह्यासाठी कोणती खुंटी? चैतूचं जाळं मी त्याच्या घरी नेऊन देलं. त्यानं दार उघडलं, जाळं घेतलं अन् दार लावलं. तो पाळीवर काऊन होता तेही सांगतलं त्याच्या बायकोनं. विमान पाहाले आला होता. बस.

अपीलाची सुनावणी झाली तर मले बोलावू नका असं मी सोसायटीले सांगतलं. खुंटीही काढून टाकली. आषाढात कोणं जाळं टाकलं तर त्याचं त्यानं पाहावं.

जये, मीनं आपसून सांगतलं म्हणून तू माफ करशीन, असं मी धरून नाई चालत. तो आमचा बोडीचा नियम होता. तुह्यावर तो लागू नाई. हे मले समजाले एवढे दिवस लागले.

सोमवारची मोटार साडेअकराले आमच्या फाट्यावर थांबते. तू डाव्या अंगाच्या खिडकीशी बसते, हे मले मालूम आहे. मी हापशीजवळ उभी राहते. हाक मारत नाई. तू उतर असंही म्हणत नाई.

पण इस्तारी, आता आईक. या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाई. तिच्याकडून तू लिवायचं नाई, ती बरी आहे अन् जेवते असं कळवायचं नाई. उत्तर जयानं द्यावं. तिच्या हातानं. दोनच शब्द असले तरी चालंन, बाकी कार्ड कोरं असलं तरी चालंन.

— गिरजा